बिनघंटेची परीक्षा

बाकीच्या लोकांना ऋतू तीन असतात. आम्हा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना चौथाही असतो, प्रात्यक्षिक परीक्षांचा. तो मार्चात येतो आणि कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतो. काचेच्या बरण्यांतल्या फॉर्मॅलिनचा डोळ्यांत जाणारा वास, तळ्यातून आणलेल्या शेवाळाचा हिरवट कुबट वास आणि खिडकीशी उभ्या असलेल्या कडुनिंबाच्या मोहराचा वास, हे तिन्ही एकत्र आले की समजायचं, आता महिनाभर जेवणाची वेळ काही आपल्या हातात नाही. गावाबाहेरच्या गुऱ्हाळांची चुलाणं विझत आलेली असतात. तरी संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले की काकवीचा गोडसर धूर कुठून तरी येतोच. कपडे खांद्यावर टाकून मी तिथे उगाच थोडा वेळ उभी राहते.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. राधानगरी, आजऱ्याकडच्या एसटीतून मुलं उतरतात ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या घेऊन. कुणी नेचे आणतं, कुणी दगडफूल, कुणी आख्खं केळफूल. एकाला मागे फणसाचा फुलोरा आणायला सांगितलं होतं, तर त्याने दोन कोवळे फणसच आणले. आमचे प्रयोगशाळेचे मदतनीस दिनकरमामा ते घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागाला डब्यातून भाजी आली.

परवा अशीच मांडामांड चालली होती. मामांनी भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवलं, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि लांब टेबलाच्या मधोमध उभं केलं. यंदाच नोकरीला लागलेल्या आमच्या तरुण सहकारी बाईंनी विचारलं, "हे इथं कशाला, मामा?"

"आपल्यात घंटा नसतीया," मामा म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

मी बरण्यांवर नंबर चिकटवत होते. हात तिथेच थांबला. मला ऋतुजाचा मार्च आठवला.

ज्यांचा विज्ञान शाखेशी संबंध आलेला नाही, त्यांना आधी ही घंटेची भानगड सांगायला हवी. आमच्या परीक्षेत एक भाग असतो, त्याला सगळे स्पॉटिंगच म्हणतात. लांब टेबलावर ओळीने नमुने मांडलेले असतात. इथे एक वाळवलेलं झाड, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा काप, पुढे एखादं फळ. प्रत्येकाशेजारी चिठ्ठीवर प्रश्न. मुलांनी एकेका नमुन्यासमोर उभं राहायचं, मिनिटभरात ओळखायचं, लिहायचं, आणि घंटा वाजली की पुढे सरकायचं. लिहून झालं असो वा नसो. मागचा तुमच्या जागेवर येतो, तुम्ही पुढच्याच्या. सगळी रांग एका घंटेवर चालते.

आमची घंटा पितळेची, दांड्याला धरून वाजवायची. ती दिनकरमामांकडे असे. मामा तरुणपणी तालमीत जाणारे, त्यामुळे घंटासुद्धा ते मुद्गल फिरवल्यासारखी खांद्यापासून फिरवत. परीक्षेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, मिशांना पाणी लावून ते टेबलाच्या टोकाशी उभे राहिले की बाहेरून आलेल्या परीक्षकांपेक्षा जास्त रुबाबदार दिसत. त्यांच्या घंटेने बरणीतलं पाणी हलतं, असं मुलं म्हणत. मला ते दृश्य आवडायचं. परीक्षेला कसा भारदस्तपणा यायचा.

तसं आमचं गावच आवाजाचं. हॉटेलात बसलेल्या परक्या माणसाला "पावणं, रस्सा घ्या की!" म्हणून असं दरडावतात, की नवखा माणूस घाबरून दुसरी वाटी घेतो. माझ्या सासूबाई, घरात फोन असताना, पलीकडच्या गल्लीतल्या जावेशी गच्चीवरून बोलत. कुणी हळू बोललं तर आम्ही चौकशी करतो, "बरं न्हाय काय?" रागावलोय की लाड करतोय, हे आमच्या आवाजावरून बाहेरच्याला कळत नाही, कारण दोन्हीचा आवाज एकच असतो. प्रेमाचं माप आम्ही असं घशाने घेतो. मीही त्यातलीच. माझं व्याख्यान शेजारच्या रसायनशास्त्राच्या वर्गाला फुकट ऐकायला मिळतं.

आणि अशा गावात ऋतुजा शिकायला आली. आजऱ्याजवळच्या एका खेड्यातली मुलगी, घरची थोडी भातशेती, काजूची झाडं, दुभती जनावरं. दुसऱ्या बाकावर भिंतीकडेची जागा तिची. तिथे चुकून कुणी बसलं तर ती भांडायची नाही, नुसती बाकाशेजारी उभी राहायची, बसणारा उठेपर्यंत. फरशीवर स्टूल सरकलं की तिचे हात कानांवर जायचे. ऐकताना ती आपल्याकडे पाहायची नाही, खिडकीच्या बिजागरीकडे पाहायची. सुरुवातीला वाटायचं, हिचं लक्ष नाही. मग एक दिवस मी प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, मी पुढे गेले, फळ्यावर आकृती काढली, दुसऱ्याला दुसरं काहीतरी विचारलं, आणि मागून ऋतुजाचा आवाज आला. माझ्या पहिल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर. वर्ग हसला. मी मात्र खडू हातात धरून उभी राहिले, कारण उत्तर बरोबर होतं. ते यायला फक्त वेळ लागला होता.

एक गोष्ट सांगूनच टाकते, म्हणजे वाचणाऱ्याची निराशा नको. ऋतुजा काही अलौकिक बुद्धीची वगैरे नव्हती. अशा मुलांबद्दल बोलताना लोक लगेच विचारतात, "मग हिला गणित भारी येतं का? पाठांतर जबरदस्त असेल ना?" काही जबरदस्त नव्हतं. ती मध्यम हुशार होती, वर्गातल्या बहुतेक मुलांसारखी. वनस्पतींची लॅटिन नावं तिलाही चुकत. तिला झाडं आवडत होती आणि शिकायचं होतं, एवढंच. माझ्या मते ते पुरेसं आहे. शांतपणे परीक्षा देता यावी म्हणून माणसाने आधी चमत्कार कशाला करून दाखवायचा?

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ती रांगेत उभी राहिली, दोन-तीन घंटा झाल्या आणि ती बाहेर निघून गेली. जिन्याखाली, जिथे तुटकी बाकं रचून ठेवतात, तिथे मैत्रिणीला सापडली. कान घट्ट दाबलेले आणि ओठ पांढरे पडलेले. ते प्रात्यक्षिक राहिलं. दुसऱ्या वर्षी ते वर्गाच्या प्रात्यक्षिकाबरोबरच पुन्हा द्यायचं होतं आणि ते सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता. त्यात घरून तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. ते मला भेटायला आले तेव्हा दारातूनच त्यांचा आवाज आत आला.

"मॅडम, ह्या खेपंला जमलं तर ठीक. न्हाईतर घरी घिऊन जातो. घरात काय काम कमी हाय?"

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. बोलता बोलता कळलं, ती दहावीत असताना इथल्याच एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ऑटिझम. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. त्याचा रीतसर कागद, म्हणजे सरकारी दाखला, केला तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, वेगळी खोली मिळते, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

"न्हाय, मॅडम. कागद झाला की गावभर व्हतंय. उद्या पोरीचं लगीन कोन करंल?"

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो, लपत नाही. पण त्या माणसावर तो टिकेना. नंतर मी स्टँडवर त्या दोघांना पाहिलं. एसटीत चढताना ते आधी चढले, तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि स्वतः कडेला असे बसले की येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का त्यांना लागेल, तिला नाही. कंडक्टर तिकिटाचा पंच वाजवत आला तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि खुणेने सांगितलं, नको वाजवू. सगळं कळत होतं त्यांना. फक्त त्याचं नाव उच्चारायची तयारी नव्हती.

त्याच सुमाराला आमच्याकडे एक कार्यशाळा झाली. वेगवेगळ्या प्रकारे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अध्यापन, असा काहीतरी विषय होता. सभागृह तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या पाहुण्या वक्त्या खाली अडकल्या. शेवटी सगळी सभाच खाली ग्रंथालयात आणली, आणि तिथे माईक असा किंचाळला की श्रोत्यांनी कान धरले. मी मनात म्हटलं, चला, विषय सगळ्यांना नीट समजला. पण त्या बाई छान बोलल्या. मेंदू काही साच्यातून काढलेले नसतात, म्हणाल्या, सगळ्यांचे वेगवेगळे असतात, आणि आपण वर्ग मात्र एकाच मेंदूसाठी बांधतो.

घरी येऊन मी त्यावर बराच विचार केला. मला स्वतःला बसून विचार करता येत नाही, येरझाऱ्या घालाव्या लागतात. आमच्या एका सरांना ठरावीक निळं पेन नसेल तर पेपर तपासता येत नाहीत. आमच्या या तऱ्हांना लोक स्वभाव म्हणतात. ऋतुजाच्या तऱ्हेला नखरे म्हणत होते. माझ्या येरझाऱ्यांमुळे माझं काही अडत नाही, कारण फळ्याजवळची सगळी जागा माझी आहे. तिचं सगळं वर्षच अडलं होतं. हा फरक लहान नाही.

मग मी छोट्या छोट्या गोष्टी सुरू केल्या. फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहायचं, आज काय काय होणार आणि कोणत्या क्रमाने. प्रश्न विचारला की मनात सावकाश श्वास घ्यायचा आणि गप्प राहायचं. हे शेवटचं मला फार जड गेलं. मला गप्प बघून वर्गाला वाटलं, मॅडम कशावर तरी चिडल्या आहेत. पण हळूहळू मजा व्हायला लागली. मी थांबले की मागच्या बाकांवरूनही उत्तरं यायला लागली, ज्यांचे आवाज मी कधी ऐकलेच नव्हते. एक मुलगा बोलताना अडखळतो, म्हणून हातच वर करत नसे. तो करायला लागला. एके दिवशी मी फळ्याचा कोपरा लिहायला विसरले तर ऋतुजाच्या आधी स्नेहलने तक्रार केली. स्नेहल ही ऋतुजाची मैत्रीण, वर्गातला सगळ्यात मोठा आवाज. "मॅडम, आज काय चाललंय कळंना की!"

राहिली होती घंटा. कागद नसल्यामुळे एकट्या ऋतुजासाठी काही वेगळं करता येणार नव्हतं. येरझाऱ्या घालता घालता माझ्या डोक्यात आलं, एकटीसाठी कशाला? सगळ्यांसाठीच बदललं तर कुणालाच कागद लागणार नाही.

मी मामांना सांगितलं, घंटा बंद. मामांचा चेहरा पडला.

"घंटा न्हाय तर परीक्षा कसली, मॅडम? पोरांस्नी भ्या तर पायजे."

"तिला त्रास होतो, मामा."

मामा मिशीवर हात फिरवत विचारात पडले. "बरं. बगतो काय करायचं ते," म्हणाले. मायाळू माणूस. सराव परीक्षेच्या दिवशी त्यांनी घंटेला घरचा टॉवेल गुंडाळून आणला, वरून सुतळी बांधली. रांग लागली. मामांनी घंटा फिरवली. ठप्प. कुणालाच काही ऐकू आलं नाही, कुणी हललं नाही. आपल्या घंटेची ही अवस्था मामांना सहन झाली नाही. त्यांनी छाती भरून घेतली आणि तालमीत ऐकू जाईल अशा आवाजात आरोळी ठोकली, "सरकाऽऽऽ पुढं!"

एका मुलाच्या हातून काचपट्टी पडली. वर्गातल्या मुलांना ऋतुजाची आठवण झाली आणि ती सगळी मामांवर ओरडली, "मामा, हळू!" त्यांना गप्प करायला स्नेहल ओरडली, "अरे वरडू नका की रे, तिला तरास हुतोय!" त्या मिनिटाएवढा गोंगाट आमच्या प्रयोगशाळेने कधी पाहिला नसेल. आणि तो सगळा, अगदी मनापासून, एका मुलीला शांतता मिळावी म्हणून चालला होता.

ऋतुजा अर्थातच जिन्याखाली होती. मी जाऊन शेजारच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळाने तीच बोलली, समोरच्या भिंतीकडे बघत.

"आवाज मोठा हाय म्हणून न्हाई, मॅडम. म्हंजे हाय, पण तेवढंच न्हाई. ती कधी वाजणार, त्ये ठाव नसतंय. मग माझं फुलाकडं ध्यानच लागत न्हाई. सगळं घंटंकडंच ऱ्हातंय. आन मागनं कुनीतरी ढकलतंय."

इतकी वर्षं आम्ही ती परीक्षा घेतली होती, पण रांगेतून ती कशी दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वर आले आणि मामांना ते सांगितलं. आम्ही दोघांनी भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं. लाल सेकंदकाटा वर आला की सरकायचं, बस्स. कधी सरकायचं ते प्रत्येकाला आधीपासून दिसेल. ढकलाढकलीवर तोडगा म्हणून मधेमधे एक नमुना काढून तिथे रिकामं स्टूल ठेवलं. तिथे प्रश्न नाही. बसायचं, मागचं राहिलेलं लिहायचं, नाहीतर नुसतं बसायचं. परीक्षेच्या आदल्या दुपारी प्रयोगशाळा सगळ्यांसाठी उघडी ठेवली, ज्याला येऊन रिकाम्या टेबलाभोवती फिरून बघायचं त्याने बघावं म्हणून. मला वाटलं एकटी ऋतुजा येईल. निम्मा वर्ग आला.

"मला पण घंटंनं पोटात गोळा यायचा, मॅडम," स्नेहल म्हणाली. "मला वाटायचं समद्यांस्नीच येतो."

परीक्षेच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. ऋतुजाचे वडील तिला घेऊन आले आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला झाडाखाली थांबले. आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, खिडकी रस्त्याकडे. मला ते दिसत होते, टोपी काढून वारा घेणारे. सांगलीकडून आलेल्या परीक्षक बाईंनी टेबलावर नजर टाकली आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

"तुमची घंटा कुठाय?"

"घड्याळ आहे," मी म्हटलं. "वेळ तेवढाच आहे, वाजत नाही एवढंच."

"पण सगळीकडे घंटाच असते. उद्या कुणी तक्रार केली म्हणजे?"

त्या वाईट नव्हत्या. आम्ही सगळेच तक्रारीला भितो. मी उत्तर जुळवत होते, इतक्यात मामा पुढे झाले. इस्त्रीचा सदरा, मिशा ओल्या. "बाई, आमच्यात पैल्यापासनं असंच हाय. घंटा वाजवायला ही काय शाळा हाय व्हय?" मी घाईघाईने एका बरणीकडे पाहायला लागले. परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मामांच्या मिशांकडे पाहिलं. "बरं, करा सुरू," म्हणाल्या.

रांग सुरू झाली. काय शांतता होती ती. पंख्याची घरघर, कागदावर पेनं, काटा वर आला की चपलांची एकदम सळसळ, आणि पुन्हा पेनं. ऋतुजा पहिल्या स्टुलापर्यंत आली, बसली, लिहिलं, उठली. मी उगाचच माझा पदर पिळत होते.

आणि लांबून ते ऐकू आलं. मार्चात साखर कारखान्यांचे हंगाम संपतात आणि उसाची शेवटची खेप वाजतगाजत नेतात. ट्रॅक्टरला केळीचे खुंट, फुगे, गुलाल, आणि टपावर एवढाले स्पीकर. कारखान्याचा रस्ता आमच्या फाटकावरून जातो. ट्रॅक्टर वळणावर आला आणि खिडकीची तावदानं थरथरायला लागली. बरण्यांतलं पाणी खरंच हललं. ऋतुजाच्या हातून पेन पडलं. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले, ती टेबलाशी तशीच उभी राहिली. लाल काटा पळत होता. मागे स्नेहल होती, तिने मागच्यांना हात आडवा करून थोपवून धरलं. पण काटा थांबत नव्हता, आणि मला दारच दिसत होतं, ती आता त्या दारातून जाणार, जिन्याखाली, आणि मग आजऱ्याच्या एसटीत, कायमची.

मामांनी दोन ढांगांत टेबल गाठलं, घड्याळ उचललं, पालथं केलं आणि त्याचा सेल काढून खिशात टाकला.

"वेळ थांबलाय," ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कुणी काही लिहिलं नाही. सगळी मुलं पेनं खाली करून उभी राहिली. परीक्षक बाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. मी खिडकी बंद करायला धावले आणि खाली पाहिलं. ऋतुजाचे वडील रस्त्याच्या मधोमध उभे होते, ट्रॅक्टरसमोर, हात जोडून. ड्रायव्हर खाली वाकून काहीतरी विचारत होता. गाणं एकदम बंद झालं आणि त्या अचानक आलेल्या शांततेत त्यांचा आवाज वरपर्यंत स्पष्ट आला.

"आत पोरगी हाय माजी. तिला आवाज सोसत न्हाय. परीक्षा हाय तिची."

भर रस्त्यात, गुलालाने माखलेल्या पोरांसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ते हे बोलले. जे चार भिंतींत माझ्यासमोर कागदावर लिहू द्यायला तयार नव्हते. मला खिडकीची कडी लावता येईना, डोळे भरून आले होते. ट्रॅक्टर मुकाट्याने, फुगे हलवत, फाटकापुढून निघून गेला.

ऋतुजाने हात खाली घेतले. स्नेहलने पेन उचलून तिच्या हातात न देता टेबलावर ठेवलं, तिला घ्यायला सोपं जावं म्हणून. मामांनी खिशातला सेल दाखवत विचारलं, "बसवू?" ऋतुजा बिजागरीकडे बघत राहिली. आम्ही थांबलो. आता आम्हाला थांबता येत होतं. मग ती म्हणाली, "बसवा." मामांनी सेल बसवला आणि रांग पुढे चालू लागली.

पुढे निकाल लागला, ती सुटली, तिसऱ्या वर्षाला आली, आणि काही वर्षांपूर्वी तेही पुरं करून गेली. त्यांनी कागद केला की नाही, मी कधी विचारलं नाही. पण निकालाचा दिवस मला फारसा आठवत नाही. आठवतो तो त्याच दिवशीचा, परीक्षेनंतरचा व्हरांडा. मुलं बाहेर पडून नेहमीसारखी उत्तरं ताडून बघत होती. ऋतुजाही त्यांच्यात होती. तिचा चेहरा उतरला होता. मी पटकन तिच्याजवळ गेले.

"मॅडम, एक चुकलं माझं," ती म्हणाली. "काजूचं. खरं फळ कंचं, असं विचारलंतं. मी बोंडूला बाण दावला."

काजूचं बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ ती खाली लटकलेली बी. हे पहिल्या वर्षाला शिकवतो आम्ही. आणि मला इतका आनंद झाला, की मला तो लपवता येईना. तिचा गुण कुणाच्या आवाजाने गेला नव्हता, कुणाच्या धक्क्याने गेला नव्हता. तिला उत्तर येत नव्हतं म्हणून गेला होता. कुणाचाही जातो तसा.

"काय?" स्नेहल अर्ध्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "आजऱ्याची पोरगी, आन काजू चुकली?"

सगळी हसायला लागली. ऋतुजाचे हात कानांवर गेले. पण ती हलली नाही, जिन्याकडे तिने पाहिलंही नाही. कान तसेच झाकून, ओठांच्या कोपऱ्यात हसत ती म्हणाली,

"हळू. हळू चिडवा की."

मग स्नेहल तिच्याजवळ वाकली आणि कुजबुजली, "आजऱ्याची पोरगी, आन काजू चुकली." दुसऱ्याने कुजबुजत विचारलं, "घरात घेतील का गं आता?" तिसरा काहीतरी कुजबुजला. ती दहा-बारा दणकट आवाजाची पोरं एका मुलीभोवती उभी राहून तिला इतकं हळू चिडवत होती की शेजारून जाणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी गुपित चाललंय. ऋतुजाने हात खाली घेतले आणि ती मोकळी हसली.

तिचे वडील जिना चढून वर आले होते. गुलालाचं बोट कुणीतरी त्यांच्या कपाळाला लावलं होतं. मुलं बाजूला झाली. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते मुलीसमोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि उभ्या आयुष्यात कधी कुजबुजले नसतील असे ते गृहस्थ फार जपून, चाचपडत, जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले,

"काजू चुकलीस व्हय गं?"